उन्हाचा नवस

माझं नाव राहीबाई. गावात म्हनत्यात, हिच्या जिभंला हाड न्हाई. म्हनू द्यात. म्हसवडच्या सासरी नवरा गेला तवा मी बावीस वर्सांची व्हते. सासूसंगं कडाकडा भांडले, पिशवीत दोन लुगडी कोंबली आन् येष्टीनं माहेरी आले ती कायमचीच. आमचं गाव सांगलीच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. तीन बाजूंनी ऊस आन् चवथ्या बाजूला नदी. मी आले त्याच साली भावजय दुसऱ्या बाळंतपनात बाळासकट गेली, आन् दोन वर्सांची विजयमाला माझ्या मांडीवर आली. भाऊ सयाजी फौजेत. वर्सातनं एकदा सुट्टीवर यायचा, आन् पोर त्याला वळखायला लागली की परत जायचा. मंग पोर कुनाची? माझीच. जलम म्या दिला न्हाई, एवडंच.

सांगते त्ये शहात्तर सालचं. पोर अकरा वर्सांची व्हती, आन् तिला मीच मारायला निगाले व्हते. दुसऱ्या कुनी ह्ये बोललं असतं तर त्याचं टाळकं फोडलं असतं. पन माझं मी बोलते.

आदल्या सरावनात तिची बोटं दुखायला लागली. सकाळी उठली की मूठ वळंना. मला वाटलं, शाळंत लिवायचा कटाळा. म्या दोन शिव्या घातल्या आन् दप्तर गळ्यात अडकवलं. मंग कनकन यायला लागली. मंग केस फनीत गुंत्यानं निगायला लागलं. आन् एक दिस गालावर लाल चट्टा उठला. दोन्ही गालांवर सारखा, मधनं नाकाच्या दांडीवरनं जोडलेला, जसं काय एकांदं पाखरू पंख पसरून तोंडावर बसलंय. दिसायला वाईट न्हवतं बगा. ती आरशात बघायची आन् म्हनायची, “आत्या, ह्ये उडून जाईल का गं?”

म्या कडुनिंब लावला, हळद लावली. शेजारच्या हरणाबाईनं सांगितलं म्हनून दूर्वांचा रस लावला. पाखरू काय उठंना. भादव्यात पाय सुजलं आन् लघवीला साबनावानी फेस यायला लागला. तवा मातूर माझ्या काळजात चर्र झालं. दुसऱ्या दिशी पयल्या येष्टीनं तिला सांगलीला न्हेली.

तितल्या दवाखान्यात डॉक्टर धरणेंद्र चौगुले व्हतं. जैनाचं मानूस, बारीक आवाजाचं. बोलायला लागलं की आपल्यालाच फुडं वाकून ऐकायला लागायचं. त्येंनी पोरीच्या गालांकडं लय येळ बघितलं, बोटं दाबली, घशात बघितलं आन् तिला तपासनीच्या खोलीत राजमतीबाईंकडं धाडलं.

ह्या राजमतीनं रक्त काढलं. मला वाटलं, झालं काम. पन न्हाई. ती म्हनली, आता ह्ये गोठू द्यायचं, दोन तास उबंत ठेवायचं, मंग बारीक तारंच्या गाळनीतनं चिरडायचं, मंग गरागरा फिरवायचं, आन् मंग काचंवर घ्यायचं. मी म्हनलं, पुरनपोळी करताय का काय? ती हसली. मी जागची हालले न्हाई. दोन तास बाकावर बसून राहिले, पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

मंग राजमतीनं मला हाक मारली आन् भिंगात बघायला लावलं. “ही बघा पांढरी पेशी. रक्तातली राखणदार. हिच्या पोटात काय दिसतंय?”

“जांभळा गोळा.”

“दुसऱ्या पेशीचं काळीज आहे ते. परक्या कुणाचं नाही, आपल्याच पोरीच्या पेशीचं. हिनं ते गिळलंय.”

म्या डोळा काढला न्हाई. आत गुलाबी आभाळ व्हतं, त्यात जांभळं ढग तरंगत व्हतं, कुटं घाई न्हाई, कुटं गडबड न्हाई. मला त्येंच्यात जाऊन निजावं वाटलं. एवडं देखनं काय तरी माझ्या पोरीला आतनं खातंय, ह्ये खरंच वाटंना.

डॉक्टरांनी मंग समजावून सांगितलं. “हिचे वडील फौजेत ना? तशी शरीरातही पलटण असते. बाहेरून रोग आला की लढते. हिच्या पलटणीला घरचं कोण आणि परकं कोण हेच कळेनासं झालंय. ती हिच्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर मारा करतेय.”

“मंग आवरा की तिला,” मी म्हनलं.

“आवरायला गोळ्या देतो. पण लढाई किती पेटलीय ते बाहेरून सगळं कळत नाही. रक्तात कॉम्प्लिमेंट म्हणून एक गोष्ट असते. पलटणीचा दारूगोळा समजा. लढाई पेटली की तो संपत जातो, आकडा खाली येतो. लढाई थंडावली की आकडा वर चढतो. शंभराच्या आसपास असला म्हणजे निर्धास्त.”

त्यो आकडा काढायची सोय सांगलीत न्हवती. राजमती रक्तावरचं पिवळं पानी काढून बाटलीत भरायची, बाटली बर्फाच्या थर्मासात, आन् थर्मास मिरजंवरनं मुंबईच्या गाडीनं जायचा. आठ-धा दिसांनी पत्र यायचं. पयला आकडा आला शेचाळीस.

डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, मीठ तोडलं. आन् म्हनले, “ऊन टाळायचं. अगदी टाळायचं. उन्हानं हा आजार चेकाळतो.” ह्ये त्येंनी माझ्या तोंडावर सांगितलं, पोरीच्या देखत. मला ऐकू आलं न्हाई, असं मी म्हननार न्हाई.

दिवाळीपास्नं आमचं घर सावलीत गेलं. खिडक्यांना गोनपाटं लावली. गोनपाटाच्या भोकांतनं उजेडाचं बारीक बारीक ठिपकं भितीवर पडायचं आन् दिसभर सरकत राहायचं. पोर हातरुनात पडून त्येंच्याकडं बघायची. सकाळी त्ये देवळीपाशी असायचं, दुपारी धान्याच्या कनगीवर चढायचं, आन् तिनीसांजंला दाराच्या चौकटीत जाऊन इझायचं. मंग मी दार उघडायची आन् आमी दोघी बाहीर पडायचो.

घरामागंच ऊस व्हता, डोक्याच्या वर गेलेला. सरीतनं आत शिरलं की हिरवा अंधार. वाळलं पाचट पायाखाली वाजायचं, वरनं पातीला पाती घासायची, जसं काय लांब कुटंतरी पान्याची धार लागलीय. पोर फुडं चालायची, हातानं पाती बाजूला करायची. कवा कवा मला ती दिसायची न्हाई, नुस्ता आवाज यायचा.

“आत्या, काल सपनात पलटन बघितली.”

“कुनाची? तुज्या बाची?”

“न्हाई, माझी. रक्तातली. समद्यांचं कपडं पांढरं व्हतं. कृष्णंतनं येत व्हते, गुडघाभर पान्यातनं, पन पानी वाजत न्हवतं. मी काठावरनं म्हनत व्हते, आवं, मी घरचीच हाय! तर त्ये थांबले, माझ्याकडं बघितलं, पन वळखलंच न्हाई गं.”

“आता भेटले तर मला हाक मार. एकेकाची बकोटी धरून वळख करून देते.”

ती उसात कुटंतरी खुदुखुदु हसली. त्या हसन्यासाठी मी कायबी केलं असतं. खरं तर तितंच सगळं बिघडलं.

मार्गशीर्षात मुंबईचं पत्र आलं, आकडा ब्याऐंशी. सूज उतरली, फेस गेला, मूठ वळायला लागली. राजमतीनं पोरीच्या हातावर साखर ठेवली. पन त्या गोळ्यांनी पोरीचं तोंड फुगलं, टम्म. आन् गालावरचं पाखरू फिकं झालं तरी उठलं न्हाई. पानवठ्यावर बाया बोलायच्या. रंगूबाई म्हनली, “पोर बरी झाली म्हनं, पन तोंडावरचं ऱ्हायलंच की. उद्या पाव्हनं बघायला आलं म्हंजे?” म्या घागर तितंच आपटली. “तुज्या पोराला न्हाई देत, बिनघोर ऱ्हा!” म्हनलं आन् ताडताड घरी आले. घरी येऊन मातूर रडले. रंगूबाई गेली उडत, पन बोललेलं काळजात घुसून बसलं व्हतं.

आन् मला म्हसवडची सासू आठवली. तिच्याशी माझं जलमात पटलं न्हाई, पन एक गोष्ट म्या ह्या डोळ्यांनी बघितलेली. दिराच्या पोराच्या पाठीवर चट्टं उठलं व्हतं. सासूनं पौषातलं आइतवार धरलं. कातडीचा मालक सूर्यनारायन, असं म्हनायची ती. चार आइतवार पोराला उगवत्यापास्नं सूर्य डोक्यावर येईस्तवर उघड्या पाठीनं उन्हात उभा केला, सोता बिगरपान्याची राहिली, आन् सातव्या म्हैन्यात पाठ साफ. देवानं केलं का आपसूक झालं, कोन सांगनार? म्या देवानं केलं असंच धरलं.

आता तुमी म्हनाल, बाई, डॉक्टरांनी ऊन बंद केलं व्हतं न्हवं? केलं व्हतं की. पन देव कुटं बंद केला व्हता? रानातलं ऊन येगळं, रस्त्यावरचं ऊन येगळं. नवसाच्या उन्हाला डॉक्टराची मनाई लागू व्हती, असं माझ्या डोस्क्यात शिरलंच न्हाई. पौष लागला तवा मी बोलले, बाबा सूर्यनारायना, चार आइतवार पोर तुज्याफुडं उभी करते आन् रथसप्तमीला नवस फेडते, तेवडं तिचं तोंड निर्मळ कर.

पोरीला सांगितलं. तिनं माझ्याकडं लय येळ बघितलं आन् “बरं,” म्हनली.

पयल्या आइतवारी नदीवर धुकं व्हतं. समूरचा काठ दिसत न्हवता, नुस्तं उसाचं तुरं धुक्यावर तरंगत व्हतं. आमी आंघोळी केल्या, वल्या लुगड्यानं मी आन् वल्या परकरानं ती, काठच्या खडकावर उभ्या राहिलो. वंजळीत पानी, पान्यात तांबडी कन्हेर. धुक्यातनं सूर्य आला, आधी नुस्ता डाग, मंग तांबडा, मंग त्याच्याकडं बघवंना. मी तिची हनवटी धरून तोंड वर केलं. “दाव त्याला. नीट दाव.”

तिनं डोळं मिटलं. “आत्या, डोळं मिटलं तरी समदं लाल दिसतंय.”

“दिसूदे. देव आत उतरतोय.”

धुकं इरलं, नदी चमकायला लागली. घसा वाळला व्हता, पाय भरून आले व्हते, पन इतक्या वर्सांत मी एवडी सुखात कवा उभी न्हवते. कुनीतरी वर हाय आन् त्यो माझं ऐकतोय, असं वाटत व्हतं. पोर माझ्याकडं बघायची आन् हसायची. मला वाटलं, तिला बी तसंच वाटतंय.

दुसरा आइतवार तसाच गेला. संक्रांतीला तिच्या तोंडात फोड आले. तिळाची वडी चघळंना. अंग तापलं, बोटं परत आखडली, आन् गालावरचं पाखरू परत लालभडक झालं. सांगलीला न्हेली. रक्त मुंबईला गेलं.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “गोळ्या देताय ना?”

“माझ्या हातानं. गिळली की तोंड उघडून बघते.”

“मीठ?”

“चिमूटभर न्हाई.”

“उन्हात जाते का?”

“न्हाई,” मी म्हनलं. देवाशपथ सांगते, लबाड बोलतेय असं मला त्या घडीला वाटलं सुदिक न्हाई. पोर शेजारीच बसली व्हती. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.

पत्र आलं, आकडा अठ्ठावन्न. दुसरी कोनी शानी असती तर तितंच थांबली असती. मी येडी म्हनले, देव परीक्षा बघतोय, आता माघार घेतली तर त्यो कोपंल. तिसरा आइतवार तर पत्र याच्या आधीच उरकला व्हता. चवथ्याला पोरीला चालवंना, पाय परत सुजलेलं. म्या तिला पाठकुळी मारली आन् नदीवर न्हेली. माझ्या मानंवर तिचा कडत श्वास लागत व्हता. म्हनली, “आत्या, काल पलटन घराच्या दारापतोर आली व्हती.” मी म्हनलं, “आज शेवटचा दिस गं राजा. आज तिला माघारी लावते.” खडकावर तिला माझ्या अंगाला टेकवून उभी केली. सूर्य कासराभर वर आला आन् माझ्या हातात ती एकदम जड झाली.

मला वाटलं झोपली. मंग वाटलं, सपलं.

लालासाहेब पाटलाच्या जीपमदनं सांगलीला कशी पोचले त्ये मला धड आठवत न्हाई. रस्त्यानं समदा ऊस पांढरा दिसत व्हता, एवडंच डोळ्याफुडं हाय. दवाखान्यात तिला घेतली. पोटात पानी झालं व्हतं, धाप लागत व्हती, लघवी चहाच्या रंगाची. सयाजीला तार केली. रक्त मुंबईला गेलं, ह्या खेपंला राजमती सोता थर्मास घेऊन मिरजंला गेली. आठव्या दिशी आकडा आला, चौतीस.

त्याच दिशी सयाजी आला. खाकी कपड्यावरच, हातात लोखंडी पेटी. अंबाल्यावरनं तीन दिस गाडीत बसलेला. पोरीनं त्याला लगेच वळखलं आन् त्यो दाराशीच रडला. रथसप्तमीला दोन दिस व्हते.

डॉक्टरांनी आमा दोघांना पोरीच्या खाटंपाशीच उभं केलं. त्येंच्या हातात एक कागद व्हता. “गोळ्या वाढवल्यात, तरी मूत्रपिंडं हातची चाललीत. आता एक जहाल औषध आहे, तेवढंच उरलंय. त्यानं पलटण मोडते, पण चांगले शिपाईही मरतात. साधा ताप आला तरी जिवावर बेतू शकतं. आणि वाचली तर पुढं हिला मूल होईल की नाही, सांगता येत नाही. वडलांची सही लागेल.”

सयाजीनं कागद हातात घेतला. “दुसरा इलाजच न्हाई का, डॉक्टरसाहेब?”

“मला एकच कोडं सुटत नाही,” डॉक्टर म्हनले. “मार्गशीर्षात आकडा वर चालला होता. मग कशानं तरी आग लागली. कशानं ते कळलं असतं, तर तेवढं थांबवून, ह्याच गोळ्यांवर वाट बघायचं धाडस मी केलं असतं.” मंग त्ये पोरीकडं वाकलं. “विजयमाला, खरं सांग, रागावणार नाही. गोळ्या थुंकून टाकतेस का?”

पोरीनं माझ्याकडं बघितलं न्हाई. वर छताकडं बघत म्हनली, “व्हय.”

“कुठं टाकल्यास?”

“उसात.”

सयाजी खाटंवर वाकला. “का गं पोरी? का असं केलंस?”

एकूनएक गोळी म्या तिच्या जिभंवर ठेवली व्हती. तोंड उघडून बघितली व्हती. पोर लबाड बोलत व्हती, मरत असतानी लबाड बोलत व्हती, आन् कुनासाठी त्ये मला आरपार कळलं.

“खोटं हाय!” मी वरडले. समदा वार्ड माझ्याकडं बघायला लागला. “तिनं एक गोळी टाकली न्हाई. म्या तिला उन्हात उभी केली. चार आइतवार, नदीवर, उगवल्यापास्नं. तोंड वर करून धरलं म्या, ह्या हातानं. तुमी इचारलं तवा न्हाई म्हनले. नवस व्हता माझा. चेहरा निर्मळ व्हाया पायजे व्हता मला. घ्या, बांधा मला, काय करायचं त्ये करा!”

डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मला वाटलं आता शिव्या देतील, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बारीक आवाजात म्हनले, “राहीबाई, महिनाभर तुम्ही मला डोळे बांधून चालवलंत.”

सयाजीनं कागद त्येंच्याफुडं धरला. “आता ह्याचं?”

“आज सही नको,” डॉक्टर म्हनले. “आग कशानं लागली ते कळलं. ह्याच गोळ्या, ह्याच मात्रेवर, अंधाऱ्या खोलीत तीन आठवडे. मी रोज बघेन. घसरली तर त्याच दिवशी कागद काढीन.”

सयाजी आठ दिस माझ्याशी बोललाच न्हाई, पन माझ्या वाटचा चहा बाकावर आनून ठेवायचा. आन् रथसप्तमी? ती आली आन् गेली. मी वार्डातल्या खिडकीच्या फटीत कापूस कोंबत व्हते. सूर्यनारायनाला म्हनलं, नवस मोडला, माझा काय त्यो निकाल लाव. माझा, तिचा न्हवं.

त्ये तीन आठवडे सपनावानीच गेले. बाहेर दिस हाय का न्हाई कळायचं न्हाई. पोर झोपायची, उठायची, काय तरी पुटपुटायची, परत झोपायची. राजमती सकाळ-संध्याकाळ लघवी नळीत घेऊन दिव्यावर उकळायची. फेसाळ पांढरं साकळलं की न्हाई म्हनून मान हालवायची. धा दिस मान हालवली. अकराव्या दिशी नळी माझ्याफुडं धरली आन् म्हनली, “बघा, गढूळ कमी आहे.” मी नळीत बघितलं. खरंच, पल्याडचं तिचं बोट दिसत व्हतं. पाय उतरलं. धाप गेली. एक दिस पोरीनं भाताला मीठ मागितलं आन् मी खुशीनं तिला रागं भरले.

मुंबईचं पत्र आलं तवा राजमती पळतच आली, पदर सावरायचं बी भान न्हवतं तिला. आकडा एकाहत्तर. डॉक्टर दारात उभं राहून म्हनले, “ते औषध आता लागणार नाही.” सयाजी बाहीर जाऊन व्हरांड्यात एकटाच उभा राहिला. मी खाटंवर बसले. पोरीच्या गालावर पाखरू व्हतंच, फिक्कं, कुनाला न कळंल असं. असूदे म्हनलं. जलमभर असूदे.

मंग इतकं दिस गिळलेलं इचारलं. “विजे, डॉक्टरांनी उन्हाचं सांगितलं तवा तू तितंच व्हतीस. तुला कळत व्हतं न्हवं?”

“व्हय.”

“पयल्या आइतवारापास्नं?”

“व्हय. घरी येऊन अंग भाजायचं गं लय.”

“मंग न्हाई म्हनायचंस की! मी काय तुला फरफटत न्हेली असती? घरात बसायचंस सावलीत.”

तिनं माझा हात धरला. तिच्या बोटांची मूठ नीट वळली, तेवडं मला कळलं.

“मी घरात बसले असते, तर तू एकटी उभी राहिली असतीस, आत्या. बिगरपान्याची. तुज्याजवळ कोन असतं?”

म्या तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आन् ढसाढसा रडले, आन् ती माझ्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.